शटडाऊनचा कचरा: एकाच कंत्राटदाराकडे द्यावा की वर्गवारीने आपणच धाडावा?

शटडाऊनच्या, म्हणजे साफसफाई-दुरुस्तीसाठी प्लांट ठरवून बंद ठेवण्याच्या, बैठकांत कचऱ्याचा विषय बहुधा सगळ्यांत शेवटी निघतो. तोवर मचाणवाले, दाबाच्या पाण्याने सफाई करणारे हायड्रोजेटिंगवाले, क्रेन अशा सगळ्यांच्या ऑर्डरी गेलेल्या असतात. मग घाईघाईत ठरवायचं उरतं ते एवढंच: सगळा कचरा उचलायला एकच कंत्राटदार नेमायचा, की तेल, गाळ, चिंध्या, पिंपं, भंगार यांची वाट आपणच वेगवेगळी लावायची? रायगडमधल्या एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात मी दोन्ही पद्धतींनी शटडाऊन काढले आहेत. पुढचं मत तेवढ्यापुरतंच धरा. रिफायनरीचं गणित वेगळं असू शकेल.

एका कंत्राटदाराची सोय नाकारण्यात अर्थ नाही. एकच ऑर्डर, एकच बिल, आणि रात्री दोन वाजता कॉलमच्या पायथ्याशी गाळ साठला तर फोन करायला एकच माणूस. खरेदी विभाग खूश, शटडाऊन मॅनेजर त्याहून खूश, कारण त्याला जागा मोकळी हवी असते, माल कुठे गेला याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. ज्या कारखान्यात पर्यावरणाचं सगळं काम एकच माणूस बघतो आणि वर बॉयलरचे कागदही त्याच्याच टेबलावर असतात, तिथे मी हाच पर्याय सुचवीन.

वर्गवारीच्या पद्धतीत डोकेदुखी आधी येते. वापरलेलं तेल ते शुद्ध करून पुन्हा वापरात आणणाऱ्या अधिकृत री-रिफायनरकडे, रिकामी पिंपं ती धुऊन घेणाऱ्या परवानाधारकाकडे, ज्वलनमूल्य चांगलं असलेला, म्हणजे जळताना भरपूर उष्णता देणारा, तेलकट गाळ इंधन म्हणून सिमेंटच्या भट्टीकडे आणि उरलेलं तळोज्याच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्राला, असे चार-पाच करार करावे लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक मालाचं सविस्तर पृथक्करण, म्हणजे आत काय काय आहे याची प्रयोगशाळेतली तपासणी, आधी करून घ्यावं लागतं, त्यासाठी दोन महिने तरी हाताशी हवेत. सिमेंटच्या भट्ट्या आपल्याकडे मुख्यतः चंद्रपूर भागात. कोकणातून गाडी भरायची तर भाडं डोळ्यांत पाणी आणतं. गाळात पाणी जास्त असेल तर तो विचार सोडून द्यावा, नाहीतर पाणीच राज्यभर फिरवून आणल्यासारखं होतं.

माझा कौल मात्र भाड्यावर ठरला नाही. तो ठरला बेवारस पिंपांवर.

एकच कंत्राटदार असताना त्याचा दर टनावर होता. टनावर पैसे मिळणाऱ्याने माल वेगळा का ठेवावा? रात्रपाळीत नाक्यावरून आणलेली मुलं हाताला लागेल त्या पिंपात हाताला लागेल ते भरत. खाली गाळ, मध्ये गास्केट, वर तेलाच्या चिंध्या. झाकण लावलं की विषय संपला. शटडाऊन संपला, कंत्राटदाराने गाशा गुंडाळला, प्लांट चालू झाला आणि यार्डाच्या मागे बिनलेबलची पिंपं रांगेने उभी राहिली. आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. आमच्याकडे हायड्रोजनेशन, म्हणजे रसायनात हायड्रोजन जोडण्याची प्रक्रिया, आहे. त्यात उत्प्रेरक म्हणून वापरलेलं रॅने निकेल पाण्याखालीच ठेवावं लागतं, वाळलं की आपोआप पेट घेतं. तेव्हा अनोळखी पिंपाचं झाकण ‘बघू तरी’ म्हणून उघडता येत नाही. एकेक पिंप केमिस्टला समोर उभं करून, आगीची तयारी ठेवून उघडायचं, नमुना काढायचा, अहवालाची वाट बघायची. तिकडे घातक कचरा कारखान्यात साठवण्याची ९० दिवसांची मुदत चालूच.

त्यातून पिंप रवाना झालं तरी सुटका नाही. विल्हेवाट केंद्राच्या गेटवर प्रत्येक गाडीतला नमुना आधीच्या पृथक्करणाशी ताडून बघतात. तो जुळला नाही तर गाडी अडते, आणि फोन कंत्राटदाराला नव्हे, आपल्याला येतो. २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे मॅनिफेस्टवर, म्हणजे गाडीसोबत जाणाऱ्या कचऱ्याच्या कागदावर, पाठवणारा म्हणून नाव कारखान्याचंच असतं. मॅनिफेस्टची निळी प्रत केंद्राच्या सहीनिशी परत येईपर्यंत तो माल आपलाच म्हणायचा. कंत्राट देऊन कष्ट देता येतात, जबाबदारी देता येत नाही, असं मला तरी वाटतं.

वर्गवारीच्या शटडाऊनमध्ये आम्ही यार्डात रंगाने आखलेले कप्पे केले आणि एक साधा नियम लावला: वर्क परमिटवर, म्हणजे त्या कामाच्या लेखी परवान्यावर, पिंपाचा क्रमांक असल्याशिवाय रिकामं पिंप स्टोअरमधून सुटणार नाही. फोरमननी आठवडाभर शिव्या दिल्या. पण पिंप कुठल्या वेसलचं, म्हणजे प्लांटमधल्या कुठल्या टाकीचं, कोणत्या पाळीत भरलं, हे कागदावर राहिलं आणि मागे बेवारस असं काही उरलं नाही. तेलात पाणी न मिसळल्याने त्याचे पैसेही आले. एकूण खर्च कमीच झाला असावा. पैन्‌पैचा हिशोब मांडलेला नाही, पण लेखा विभागाने त्या वर्षी मला बोलावलं नाही.

दोन गोष्टी कुठल्याही पर्यायाने सुटत नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात कचऱ्याच्या प्रत्येक वर्गाची मात्रा ठरलेली असते आणि टाकी तळापासून साफ केली की ती सहज ओलांडली जाते. संमतिपत्रात बदल करून घेण्याचा अर्ज वेळेत टाकावा. दुसरं, धुण्याचं पाणी. प्लांट बंद म्हणून ईटीपीतले, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले, जिवाणू आधीच उपाशी असतात, त्यात केमिकल क्लीनिंगचं पाणी एकदम सोडलं तर ते मरतात. एक टाकी राखून ठेवून ते पाणी थोडं थोडं सोडावं लागतं.

आणि मनुष्यबळ नाही म्हणून एकच कंत्राटदार घ्यायचा झालाच, तर निदान दर फोडून मागा. भरणं, वेगळं करणं आणि लेबल लावणं याची एकरकमी बोली. विल्हेवाटीचे पैसे वजनकाट्याच्या पावतीप्रमाणे, जसे लागतील तसे. आणि शेवटचं बिल यार्डात बिनलेबलचं एकही पिंप नाही हे दोघांनी मिळून पाहिल्यावरच. या शेवटच्या कलमावर समोरचा किती खळखळ करतो, त्यावरूनही पुष्कळ कळतं.