बीट बनवायला मशीन घेऊ की लॅपटॉपच बरा?

जळगाव-धुळ्याकडची पोरं हल्ली हमखास विचारतात, अहिराणी गाण्याला बीट (गाण्यामागचा ताल) करायचाय तर बीट वाजवणारं मशीन घेऊ का लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर शिकू. माझं म्हणणं, घरात बऱ्यापैकी चालणारा लॅपटॉप असेल तर भाऊ आत्ताच मशीनमध्ये पैसे घालू नको.

मुख्य कारण ठेका. आपल्या वरातीत बँडवाले वाजवतात त्यातल्या कितीतरी चाली सहाच्या ठेक्यात असतात, आणि पॉकेट ऑपरेटरसारखी छोटी स्वस्त मशीनं असतात सोळा स्टेपची (स्टेप म्हणजे ठोका टाकायचा एक खण), म्हणजे सगळा हिशोब चार-चारचा, त्यात सहाचा ठेका बसवायला गेलं की तो सरळसोट होऊन जातो आणि नाचणारा लगेच ओळखतो की काहीतरी चुकतंय. एफएल स्टुडिओ या बीट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न (परत परत वाजणारा ठेक्याचा तुकडा) बारा स्टेपचा केला की झालं. मोठ्या एमपीसीत (सोळा पॅडच्या महागड्या बीट मशीनमध्ये) ट्रिपलेट मिळतं, म्हणजे एका ठोक्याचे तीन समान भाग, स्विंग (ठोके किंचित मागे सरकवून आणलेला झोका) तर १९८८ च्या एमपीसी ६० पासून तिची ओळखच आहे, पण नवीन एमपीसीच्या किमतीत साधा लॅपटॉप येतो.

सॉफ्टवेअरला खर्च किती? एलएमएमएस फुकट, बँडलॅब फोनवरही चालतं. एफएलच्या ट्रायलमध्ये गाणं एक्सपोर्ट होतं पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही, त्यामुळे एका बैठकीत संपवावं लागतं (सवय म्हणून वाईट नाही म्हणा). विकत घेतलं की पुढचे अपडेट कायम फुकट. फक्त गायकाचा आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर स्वस्तातली फ्रूटी एडिशन नको, प्रोड्युसर एडिशन घे. क्रॅक (चोरीची कॉपी) तर नकोच, व्हायरस आला की लॅपटॉपच जातो.

आता मशीनची बाजू. बोटानं पॅड बडवण्यात मजा आहे, माउसनं एकेक टिंब टाकताना ती येत नाही, आणि लॅपटॉप उघडला की यूट्यूब उघडतंच. पॉकेट ऑपरेटर दोन ट्रिपल-ए सेलवर चालतं, मे महिन्यात दुपारी लाइट गेली तरी काम थांबत नाही. स्टेजवर बँडसोबत लाइव्ह वाजवायचं असेल किंवा लॅपटॉपच नसेल तर मशीनच घे, पण घेण्याआधी दुकानदाराला विचार की पॅटर्न बारा स्टेपचा होतो का, आणि जुनं घेत असशील तर सोळाही पॅड हळू-जोरात दाबून बघ.

पॅडचीच हौस असेल तर मधला रस्ता म्हणजे एमपीके मिनीसारखा मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअर वाजवायचा कीबोर्ड, २५ छोट्या पट्ट्या आणि ८ पॅड. त्याचा स्वतःचा आवाज नसतो, आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा, हे माहीत नसलं की बॉक्स उघडून डोकं धरायची वेळ येते. पॅड दाबल्यावर आवाज उशिरा आला तर आधी सेटिंगमध्ये एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) निवड आणि ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लाव, बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं.