लॉन आणि यार्डवाला : एक अख्खा सीझन वापरल्यावर

मागच्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत एका यार्ड सर्व्हिसवाल्याकडनं काम करून घेतलं, चार-पाच जणांनी "कसा आहे रे तुझा लॉनवाला, नंबर दे ना" असं विचारून झालंय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. नाव लिहिणार नाही, का ते पुढे कळेलच. आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो, पाव एकराचा प्लॉट, पुढे दोन मेपल, मागे उतार, एवढी माहिती बास.

आधी रेट, कारण सगळ्यांना तेच पाहिजे असतं. दर आठवड्याची कापणी 45 डॉलर, एप्रिलचं क्लीनअप आणि 6 क्यूबिक यार्ड मल्च (झाडांभोवती पसरायचा लाकडाचा चुरा) टाकून 720, नोव्हेंबरात पानं उचलायचे 300. चकाचक ट्रकवर फोन नंबर रंगवलेल्या दोन कंपन्यांनी कापणीचेच 70 सांगितले होते, मग हा 45 वाला कुठनं आला असा प्रश्न मला पडला नाही, खरं सांगायचं तर पडू दिला नाही. वर मीच घासाघीस करून 50 चे 45 केले होते आणि घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं होतं.

काम एक नंबर. मंगळवारी सकाळी साडेआठला ट्रेलर लागतो म्हणजे लागतोच, तीन माणसं, एक मोअरवर, एक कडा मारायला, एक ब्लोअर घेऊन, पंचवीस मिनिटात अंगण न्हाव्याकडनं उठल्यासारखं होतं. एकच वांधा, मल्च टाकताना मेपलच्या बुंध्याला हा एवढा ढीग लावून गेले, शंकराच्या पिंडीसारखा. इकडे अर्ध्या कॉलनीत तसंच करतात आणि ते झाडाला वाईट, साल ओली राहून कुजते. बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून दोन-तीन इंचाचा थर पुरतो. मी खुणेने सांगितलं, त्यांनी लगेच हाताने मागे ओढून दिलं, विषय संपला.

जूनमधे कडा मारताना स्प्रिंकलरचं एक हेड उडालं. दुरुस्तीवाल्याने 80 घेतले, मी फोटो काढून सर्व्हिसच्या मालकाला पाठवला, त्याने एका शब्दाने न वाद घालता पुढच्या बिलातनं 80 वजा केले. मी खूश, तेव्हाच कोणी रिव्ह्यू लिहायला सांगितला असता तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो.

मग जुलैत एका मंगळवारी वर्क फ्रॉम होम होतो. मरणाचं ऊन. खिडकीतनं बघतो तर कडा मारणारा माणूस गुडघ्यावर बसून, मशीन बाजूला ठेवून, एकेका स्प्रिंकलर हेडभोवतीचं गवत हातातल्या कात्रीने कापतोय. माझ्या लॉनमधे चौदा हेडं आहेत. पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर गेलो आणि फोनवरच्या ट्रान्सलेटरमधे विचारलं, मशीन का नाही वापरत? त्याने माझाच फोन घेतला, सावकाश एकेक अक्षर दाबत स्पॅनिशमधे लिहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे धरली. मालकाने माझ्या पगारातून 120 कापले.

80 चं हेड, त्याचे 120.

मी मालकाला फोन केला. त्याचं म्हणणं, तुझे 80 तुला मिळाले ना, मग बाकीचं तुला काय करायचंय. मी म्हटलं, तो तक्रार करेल एखाद दिवशी. तो हसला आणि म्हणाला, कुठे जाऊन करणार? बास, ह्या एका वाक्यात मला माझ्या 45 डॉलरचा हिशोब कळला.

आता तुम्ही म्हणाल ह्यांच्याकडे इथे राहायचे, काम करायचे कागद नसतील हे तुला आधी माहीत नव्हतं का. होतं आणि नव्हतं. इथे 1986 च्या कायद्याने नोकरी देणाऱ्याने प्रत्येकाचे कामाच्या परवानगीचे कागद बघून आय-नाइन फॉर्म भरायचा असतो. आपण घरमालक कंत्राटदाराला काम देतो तेव्हा त्याच्या माणसांचे कागद बघायची जबाबदारी आपली नाही, त्याची. पण माहीत असून बिनकागदाच्या माणसाकडनं काम करून घ्यायला कंत्राटदार मधे घातला तर ते चालत नाही. म्हणजे विचारलं तर कळणार आणि कळलं की अडकलो. म्हणून कोणीच विचारत नाही. मी त्याला विचारत नाही, मालक त्याला विचारत नाही, आणि ह्या न विचारण्याचे पैसे तोच बिचारा भरतो, एका हेडमागे 120.

मीही आजपर्यंत विचारलेलं नाही. पण कळतं हो. ऑगस्टमधे मी मीटिंगमधे होतो आणि बाहेर ब्लोअरचा आवाज एकदम थांबला, एरवी तो आवाज बंद व्हावा म्हणून देव पाण्यात ठेवतो मी, पण ती शांतता वेगळी होती. बघतो तर तिघंही ट्रकमधे, काचा वर, आणि कोपऱ्यावर काळ्या काचांची एक मोठी एसयूव्ही, इमिग्रेशनवाल्यांची वाटावी तशी. पाच मिनिटांनी तिच्यातनं एक बाई उतरली आणि शेजारच्या विकायला काढलेल्या घराचे फोटो काढायला लागली, रिअल्टर, म्हणजे घरं विकणारी एजंट होती. तिघं उतरले, ब्लोअर परत सुरू झाला, माझ्याकडे कोणी बघितलं नाही आणि मीही खिडकीतनं मागे झालो.

तर त्या 120 चं. वेतनाचे कायदे कागद असो नसो सगळ्यांना लागू आहेत, ठरलेला पगार बुडवता येत नाही, किमान वेतन द्यावंच लागतं (न्यू जर्सीत 2025 ला तासाला 15.49 डॉलर होतं), आणि इथलं राज्याचं लेबर खातं तक्रार घेताना तुझं इमिग्रेशन स्टेटस काय हे बघत नाही. मी मोठ्या उत्साहाने ती माहिती स्पॅनिशमधे प्रिंट करून त्याला दिली. त्याने उभ्या उभ्या सगळी वाचली, नीट घडी घातली आणि मला परत दिली. थँक यू म्हणाला. मग मी 120 रोख दिले, ते मात्र घेतले, मोजून घेतले.

ह्यानंतर आमचं थोडं बोलणं व्हायला लागलं, फोनवर टाइप करत. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याचा आहे, न्यू ब्रन्सविकमधे तिकडची खूप माणसं राहतात. स्पॅनिश त्याचीही शिकलेलीच भाषा, घरी झापोटेक ही तिकडची मूळ भाषा बोलतात. मी म्हटलं आमचंही तसंच, घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी, ऑफिसात तिसरी. ड्रायव्हिंग लायसन्स त्याच्याकडे आहे, न्यू जर्सीत मे 2021 पासून स्टेटस न बघता साधं लायसन्स मिळतं. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी आयटिन नावाच्या टॅक्सपुरत्या नंबरवर टॅक्स भरतो असं म्हणाला. मला वाटायचं असली माणसं सगळी टॅक्सच्या बाहेर असतात.

हे सगळं मी समोरच्या दादाला सांगितलं (नागपूरचा, माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठा, त्याचंही लॉन हेच लोक कापतात). तो भडकलाच. "अरे, आपण रांगेत उभे राहिलो, हे भिंती चढून आले, आणि तू त्यांचे लाड करतोस?" त्याचा राग मला कळतो. ग्रीन कार्डाला एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यात आपण भारतीय, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फायली आत्ता कुठे हलतायत. त्याच्या पोराचं 21 वर्षं पूर्ण झाल्यावर डिपेंडंट स्टेटस गेलं आणि त्याला स्टुडंट व्हिसावर जावं लागलं. एवढं सोसून बसलेल्या माणसाला दुसरा कोणी रांग तोडताना दिसला तर पोटात दुखणारच.

पण दादा, गवत कापणाऱ्यासाठी रांग आहे कुठे? सीझनल कामाचा एच-टू-बी व्हिसा आहे, त्याचा कायद्यातला मूळ कोटा आख्ख्या अमेरिकेला वर्षाला 66,000, आणि काम संपलं की परत जा. शिवाय सगळे काही भिंत चढून आलेले नसतात, कितीतरी जण रीतसर व्हिसावर विमानाने येतात आणि मुदत संपली तरी राहतात, त्यात आपलेही असतात. प्यू रिसर्च ह्या अभ्यास संस्थेच्या अंदाजाने 2022 ला बिनकागदाचे सगळे मिळून सव्वासात लाख भारतीय इथे होते. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानातनं 104 जणांना, कित्येकांना हातापायात बेड्या घालून, अमृतसरला नेलं, त्यात बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे, पण महाराष्ट्राचेही तीन होते. त्या दिवशी ह्याच दादाने मला फोन करून "बेड्या कशाला रे घालायच्या" म्हणून तासभर हळहळ केली होती. ही आठवण करून दिली तर म्हणाला, ते वेगळं. आणि लगेच विचारलं, तुला अजून 45 लाच करून देतो का, मला 50 लावतो.

रेटिंग द्यायचं तर कापणीला पाच, मल्चला तीन, वेळ पाळण्याला पाच, मालकाला शून्य. शून्य कुठे देता येत नाही म्हणून एक. नाव टाकून मालकाची अब्रू काढायला मला आवडलं असतं, पण नाव टाकलं की त्या ट्रकचा पत्ता टाकल्यासारखंच आहे.

ह्या वर्षीच्या रिन्यूअलचा मेसेज येऊन दोन आठवडे झाले, कापणी 48. सोडलं तर ह्या तिघांचं एक घर कमी होतं, ठेवलं तर मालकाचं चालूच राहतं. कडा मारणाऱ्याला विचारलं, तू स्वतःचं काम घेतोस का, मी तुलाच देतो. तो म्हणाला मोअर मालकाचा आहे, ट्रेलरही. सेकंडहँड मोअर शोधतोय, कोणाकडे चालू स्थितीतला कमर्शियल मोअर पडून असेल तर मला कळवा, भाव नीट देऊ, घासाघीस करणार नाही.