रेणू-मॉडेलचा संच: आकार चोख, हिशेब पक्का, ऊर्जेचं मात्र उलटं

गोळे आणि काड्या जोडून रेणू बनवायचा प्लास्टिकचा संच रसायनशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असावा, असं माझं ठाम मत आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून पदवीच्या सेंद्रिय रसायनापर्यंत तो उपयोगी पडतो. पण हे संच वरून सारखे दिसत असले तरी आतून बरेच वेगळे असतात. त्यातले काही चुकीचं शिकवतात, आणि खोक्यावरचं चित्र बघून ते कळत नाही.

वहीत काढलेला मिथेन सपाट असतो. मधे कार्बन, चार दिशांना हायड्रोजन, नव्वद अंशांचे कोन. 1865 साली रसायनशास्त्रज्ञ हॉफमनने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोके या खेळाच्या चेंडूंची मॉडेलं दाखवली, तेव्हा त्याचा मिथेनही असाच सपाट होता. चतुष्फलकी कार्बनची कल्पना, म्हणजे कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात ही, 1874 मध्ये व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे मांडली. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा आणि क्लोरीन हिरवा ही हॉफमनची रंगसंगती मात्र आजच्या संचांतही तशीच चालू आहे. आधी शिकलेल्याला नवा संच हातात घेतल्यावर काही वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, आणि हे फार सोयीचं आहे.

संच उघडल्यावर पहिली तपासणी पट्टीने करा. मिथेन जोडा आणि गोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. कार्बन ते हायड्रोजन 3 सेंटिमीटर भरलं, तर कोणत्याही दोन हायड्रोजनमधलं अंतर 4.9 सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं, कारण 109.5 अंशांच्या कोनात हे गुणोत्तर 1.633 असतं. सहाही अंतरं सारखी आली पाहिजेत. एखादी जोडी 4.5 आणि दुसरी 5.2 भरत असेल, तर भोकं वाकडी पडली आहेत.

दुसरी तपासणी सायक्लोहेक्झेनची. त्याला 6 काळे, 12 पांढरे गोळे आणि 18 काड्या लागतात. वलय खुर्चीच्या आकारात आणून टेबलावर ठेवा. खाली वळलेले तीन उभे हायड्रोजन टेबलाला टेकतील आणि वर वळलेले तीन सरळ वर राहतील. या वरच्या तिघांवर एक पातळ वही ठेवा. वही टेबलाशी समांतर राहिली तर भोकांचे कोन नीट आहेत. वलय जोडतानाच शेवटची काडी जोर लावून बसवावी लागली, तर तो संच परत करा. सायक्लोहेक्झेनच्या खुर्चीत कोनाचा ताण जवळपास नसतो. तिथे ताण जाणवला तर तो रेणूचा नाही, साच्याचा दोष आहे.

खरेदीआधी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या भोकांकडे. बहुतेक स्वस्त संचांत लाल गोळ्याला दोन आणि निळ्याला तीन भोकं असतात. संयुजा, म्हणजे अणू किती बंध करतो, हे शिकवायला ते पुरतं, पण बंध म्हणजे काय हे शिकवायला पुरत नाही. चार भोकांचा लाल आणि चार भोकांचा निळा गोळा असलेला संचच घ्यावा. उरलेल्या भोकांत रिकामी काडी खोचली की ती इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी, म्हणजे बंधात न गुंतलेली जोडी, होते. नियम एकच ठेवायचा: एक काडी म्हणजे दोन इलेक्ट्रॉन.

या नियमाने आम्ल आणि आम्लारीची अभिक्रिया हातात घेऊन दाखवता येते. अमोनिया बनवा: निळ्या गोळ्याला तीन हायड्रोजन, चौथ्या भोकात रिकामी काडी. शेजारी हायड्रोजन क्लोराइड ठेवा. आता हायड्रोजन ओढून काढा, पण काडी हिरव्या गोळ्यातच राहू द्या. तो उघडा हायड्रोजन अमोनियाच्या रिकाम्या काडीवर बसवा. अमोनियम आयन तयार झाला, आणि क्लोराइड आयन काडीसह बाजूला राहिला. आधी काड्या पाच होत्या (नायट्रोजन-हायड्रोजनच्या तीन, एकाकी जोडीची एक, हायड्रोजन-क्लोरीनची एक), नंतरही पाचच. हायड्रोजन एकही इलेक्ट्रॉन न घेता गेला, म्हणून धनभार त्याच्याबरोबर गेला. तीन भोकांच्या नायट्रोजनवर हे दाखवताच येत नाही. अमोनियम बनतच नाही, आणि विद्यार्थ्याची समजूत होते की नायट्रोजन चार बंध करूच शकत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचंही तसंच. दोन भोकांच्या ऑक्सिजनने दुहेरी बंध होतो आणि कार्बनची दोन भोकं रिकामी राहतात. चार भोकांचा गोळा असेल तर दोघांमध्ये तीन लवचीक काड्या आणि प्रत्येकाला एकेक एकाकी जोडी. एकूण पाच काड्या, दहा इलेक्ट्रॉन. हिशेब बरोबर जुळतो.

चार भोकांच्या ऑक्सिजनमध्ये एक तोटा आहे. पाण्याचा कोन 104.5 अंशांऐवजी 109.5 येतो. अमोनियाचा कोनही 107 च्या जागी तेवढाच. ही चूक मी खुशाल पत्करेन. एकाकी जोड्या बंधांच्या जोड्यांना जास्त रेटतात म्हणून खरा कोन लहान होतो, हे सांगायला निदान त्या जोड्या समोर दिसायला हव्यात.

समीकरणं संतुलित करताना हा संच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी, हे समीकरण जुळत नाही म्हणून मुलं सूत्रातला खालचा अंक बदलतात. त्यांना पाण्याच्या रेणूला आणखी एक लाल गोळा जोडायला सांगा. तो जोडला जातो, पण हातात पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड येतं. खालचा अंक बदलला की पदार्थच बदलतो, हे इतक्या लवकर दुसऱ्या कशानेही पटत नाही. मग हायड्रोजनचे पाच रेणू आणि ऑक्सिजनचे दोन रेणू द्या आणि जमेल तेवढं पाणी करायला सांगा. पाण्याचे चार रेणू होतात आणि हायड्रोजनचा एक उरतो. मर्यादक अभिकारक (जो आधी संपतो तो, इथे ऑक्सिजन) ही संकल्पना त्या उरलेल्या एका रेणूतूनच कळते. यासाठी 10 पांढरे आणि 4 लाल गोळे पुरतात.

एथेनॉल आणि डायमिथाइल ईथर ही जोडीही नक्की करून बघा. 2 काळे, 6 पांढरे, 1 लाल गोळा आणि 8 काड्या, साहित्य तेच. एका जोडणीचा द्रव 78 अंश सेल्सिअसला उकळतो, दुसऱ्या जोडणीचा वायू उणे 24 अंशांलाच द्रव होतो. फरक फक्त लाल गोळा दोन कार्बनच्या मधे (ईथर) आहे की टोकाला हायड्रोजनसह (एथेनॉल), एवढाच.

आता दोषांकडे. दुहेरी बंधासाठी दोन लवचीक काड्या वाकवून बसवतात. फिरवायला गेलं तर बंध फिरत नाही, हे उत्तम दिसतं. ब्यूट-2-ईनचे सिस (टोकाचे गट एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) समघटक एकमेकांत का बदलत नाहीत, हे हातालाच कळतं. पण दोन्ही काड्या सारख्या दिसतात आणि तिथेच फसगत होते. कार्बन-कार्बन एकेरी बंधाची सरासरी ऊर्जा मोलला सुमारे 347 किलोजूल आहे, दुहेरीची सुमारे 614. दुप्पट नाही. दुसरा, पाय (π) बंध, कमी ताकदीचा आहे, म्हणूनच ब्रोमीन एथीनवर येतं तेव्हा तो सुटतो आणि पहिला टिकतो. हे संच दाखवणार नाही, शिकवणाऱ्यानेच सांगायला हवं. बेंझीनमध्ये तर आलटून पालटून एकेरी-दुहेरी बंध दिसतात. प्रत्यक्षात सहाही बंध सारखे, सुमारे 139 पिकोमीटरचे असतात.

सगळ्यात मोठा दोष ऊर्जेचा. मिथेनचं ज्वलन जोडून बघा. मिथेनच्या 4 काड्या, ऑक्सिजनच्या दोन रेणूंच्या 4, एकूण 8. कार्बन डायऑक्साइडच्या 4, पाण्याच्या दोन रेणूंच्या 4, पुन्हा 8. गोळे तेवढेच, काड्याही तेवढ्याच. मग उष्णता आली कुठून? हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतोच आणि त्याचं उत्तर संचात नाही. काड्यांच्या जागी बंधऊर्जेच्या सरासरी किमती मांडा. तोडायला: 4 × 413 आणि 2 × 498, एकूण 2648 किलोजूल. जोडताना सुटलेली: 2 × 799 आणि 4 × 463, एकूण 3450. फरक मोलला 802 किलोजूल, तो बाहेर पडतो.

यात आणखी एक खोल गोंधळ आहे. संचात काडी उपटायला जोर लागतो. हे बरोबर, बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पण काडी खोचायलाही तितकाच जोर लागतो, आणि हे साफ उलटं आहे. बंध जुळताना ऊर्जा सुटते. बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर येते, हा गैरसमज आधीच सगळीकडे आहे, आणि संच तो दुरुस्त करत नाही. चुंबक लावलेली मॉडेलं इथे सरस ठरतात. जवळ आणली की खटकन चिकटतात, वेगळी करायला ओढावं लागतं. त्यांत कोन मात्र तितके काटेकोर मिळत नाहीत. पाणी, ऑक्सिजन, हायड्रोजन एवढ्यापुरता छोटा चुंबकी संच सोबत ठेवला तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

मीठ या संचात बनवू नका. सोडियमला सहा काड्या लावून स्फटिकजाळी केली की मुलांना सहा सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले) बंध दिसतात. प्रत्यक्षात तिथे दिशा असलेला बंध नाही, सगळ्या बाजूंनी सारखं आकर्षण आहे. शिवाय सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे 102 पिकोमीटर आणि क्लोराइडची 181, आणि संचात दोन्ही गोळे एकाच मापाचे. आयनिक संयुगांसाठी लहानमोठे गोळे एकमेकांना टेकवून रचायचं मॉडेल वेगळं घ्यावं.

किती भागांचा संच घ्यावा? कार्बन 12, हायड्रोजन 24, ऑक्सिजन 8, नायट्रोजन 4, हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन वगैरे) 6, लवचीक काड्या 12 आणि आखूड काड्या 40 एवढ्यात शाळा आणि पदवीचं पहिलं वर्ष निघतं. ग्लुकोजचं वलय याच्यात बसतं: 6 कार्बन, 12 हायड्रोजन, 6 ऑक्सिजन, 24 काड्या. लॅक्टिक आम्लाची आरशातली जोडीही बसते, तिला 6, 12, 6 गोळे, 20 आखूड आणि 4 लवचीक काड्या लागतात. शेकडो भागांचे मोठे संच एका विद्यार्थ्याला लागत नाहीत.

काड्या आडव्या वाकवून काढल्या की मुळाशी पांढऱ्या पडतात आणि मग तिथेच तुटतात. थोडं पिळून सरळ ओढा, किंवा संचासोबत येणारा चिमटा वापरा. लवचीक काड्या दुहेरी बंधात रात्रभर ठेवू नका, त्यांना कायमचा बाक येतो. गोळे साबणाच्या पाण्याने धुवा. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, पॉलिस्टायरीनचे गोळे त्यात विरघळतात. पांढरे गोळे सहज घशात अडकतील एवढे लहान असतात, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर खोकं उंचावर ठेवा आणि आवरताना पांढरे गोळे मोजून ठेवा.