हॅवलॉकच्या तीन नंबर बीचवरचं गेस्टहाऊस, जिथे आमची ओळख झाली तिथे परत राहून आलो

नाशिकहून अंदमानला निघालेल्या कुणीही विचारलं की हॅवलॉकला कुठे राहू, तर मी डोळे झाकून गोविंदनगरच्या तीन नंबर बीचवरचं हे बंगाली कुटुंबाचं गेस्टहाऊस सांगते. मी आणि माझा नवरा दोघंही नाशिकचे, पण आमची ओळख झाली ती यांच्या जेवणाच्या शेडमध्ये, त्यामुळे जीव आहेच त्या जागेवर. पण यावेळी लेकीला आईकडे ठेवून आम्ही दोघंच गेलो आणि रूम, जेवण, माणसं सगळं नीट बघून आलोय, आणि जे सांगतेय ते पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सांगतेय.

आधी तेव्हाचं थोडं सांगते म्हणजे मी या लोकांवर एवढी का विसंबून आहे ते कळेल. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात जो कमी दाबाचा पट्टा आला आणि पुढे ज्याचं वरदा वादळ होऊन ते चेन्नईवर धडकलं, तेव्हा हॅवलॉक आणि नील या दोन्ही बेटांवर हजाराच्या वर टुरिस्ट अडकले होते, टीव्हीवर पण सारखं दाखवत होते म्हणे, पण आम्हाला कुठला टीव्ही, लाइटच नव्हती. बोटी बंद, पाऊस थांबायचं नाव नाही, वारा असा की नारळाच्या झावळ्या रस्त्यावर आडव्या. मी आई आणि मावशीबरोबर आलेले, हा, म्हणजे आताचा नवरा, अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतल्या मित्रांबरोबर. त्यात नोटबंदी होऊन जेमतेम महिना झालेला, एटीएममध्ये पैसे नाहीत, कार्ड घ्यायचं तर नेटवर्क नाही, आणि पर्समध्ये राहिलेल्या नोटा मोजून मोजून वापरायच्या अशी परिस्थिती. बाकी ठिकाणी काय झालं मला माहीत नाही पण इथल्या मालकांनी, सगळे त्यांना दादाच म्हणतात, एक वही काढली आणि प्रत्येक कुटुंबाचं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला, म्हणाले पैसे की चिंता मत करो, घर जाके भेज देना. आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे बौदींनी (बंगालीत वहिनी), दोन्ही वेळा सगळ्यांना गरम जेवायला घातलं, डाळ, भात, बटाट्याचे काप, मासे मिळाले तर मासे, कुणी अनोळखी आलं तरी ताट मांडायच्या.

त्या शेडमध्ये एकाच माणसाचा फोन लागत होता, बीएसएनएलचा साधा बटणांचा, आणि तो याचा होता. सगळे रांगेत उभे, आईचा नंबर यायचा होता, तेवढ्यात हा स्वतःच्या घरी बोलायला लागला, ताडपत्रीचा एवढा फडफडाट की ओरडूनच बोलावं लागत होतं, "अगं आई मी बरा आहे, तू गंगेवर एकटी जाऊ नको, आणि दादाला सांग रविवार कारंज्यावरून औषधं आणायला विसरू नको म्हणावं." गोदावरीला गंगा म्हणणारा आणि रविवार कारंज्याचं नाव घेणारा नाशिकचाच असणार, आई तिथल्या तिथे उठून उभी राहिली, "अहो, तुम्ही नाशिकचे का?" बस. नेव्ही आणि कोस्ट गार्डची जहाजं येऊन आम्हाला सगळ्यांना पोर्ट ब्लेअरला घेऊन जाईपर्यंत आईने याचं गाव, घर, शाळा, नातेवाईक सगळं विचारून घेतलं होतं आणि मावशीने तर तिथेच मनात लग्न ठरवलं होतं असं ती अजून सांगते. नाशिकला आल्यावर आम्ही दोघांनी आपापल्या बँकेतून दादांना पैसे पाठवले, आणि पैसे पोचले का हे विचारायला म्हणून एकमेकांना पहिला फोन केला.

तर आता आत्ताचं. जागा बदललीय, ते आधी मनाशी धरून जा. समोरच्या बाजूला दोन मजली एसी बिल्डिंग झालीय, टाइल्स, गिझर, टीव्ही, सगळं. बांबूच्या जुन्या झोपड्या थोड्याच राहिल्यात, मागे सुपारीच्या झाडांमध्ये. आम्ही फोनवरच सांगून ठेवलं होतं की जुनीच झोपडी पाहिजे. बांबूच्या भिंती, वर पत्रा आणि त्यावर झावळ्या, पलंगाला चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, एक पंखा, मागे अटॅच बाथरूम. चादरी स्वच्छ, जमीन रोज पुसतात, पण बाथरूममध्ये गिझर नाही, गरम पाणी बादलीने मागावं लागतं, आणि रात्री पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज होतो की झोपमोड होणारच. आम्हाला डिसेंबरात झोपडी १८०० ला पडली, एसी रूम ३५०० सांगत होते. वयस्कर माणसं किंवा लहान बाळ असेल तर सरळ एसी घ्या, उगाच हौस करू नका.

बौदींनी गेटवर बघितल्या बघितल्या आमच्या दोघांकडे लक्षच दिलं नाही, पहिलं विचारलं "आई कैसी है?" मला तिथेच भरून आलं. नाशिकहून चिवडा आणि मनुका नेल्या होत्या त्या दिल्या, मग शेडमध्ये बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, ती हॅवलॉकपर्यंत आलीय, त्यामुळे जिथे एका फोनसाठी रांग होती तिथून आई, लेक आणि बौदी अर्धा तास गप्पा मारत होत्या, आई मराठीत, बौदी बंगाली वळणाच्या हिंदीत, आणि लेक मधेच समुद्र दाखवा म्हणून मागे लागलेली. नारळपाणीवाल्याकडे पण आता क्यूआर कोड आहे. तरी पावसात नेट जातं, थोडी कॅश जवळ ठेवाच, आणि गेस्टहाऊसचं वायफाय फक्त शेडमध्ये येतं, झोपडीत नाही.

जेवणावर मात्र मी निवांत लिहिणार. सकाळी सातच्या आत बौदींना सांगायचं दुपारी काय पाहिजे, मग दादा जेट्टीकडून त्या दिवशी जो मासा चांगला आला असेल तो आणतात आणि कापायच्या आधी तुम्हाला आणून दाखवतात. आम्हाला पहिल्या दिवशी सुरमई मिळाली. बौदी मोहरी आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटतात, मिक्सर आहे घरात पण मोहरी मिक्सरला लावली की कडू होते असं त्यांचं म्हणणं, आणि तो वास थेट नाकात जातो, डोळ्यांत पाणी. तुकडे हळद मीठ लावून आधी तळतात, मग रस्सा, आणि वरून कच्चं मोहरीचं तेल एक चमचा. आपल्या तोंडाला पहिला घास अनोळखी लागतो, दुसऱ्यापासून हात थांबत नाही. सोबत पातळ मसूर डाळ, भात, वांग्याचे काप, आणि टोमॅटो खजुराची गोड चटणी जी मी वाटी पुसून खाल्ली. माशाची थाळी ३००, भात डाळ हवी तेवढी. शाकाहारी लोकांनी जपून, कारण भाजी बेताचीच असते, भोपळा, भेंडी, बटाटा, याच्या पलीकडे फार नाही, आणि पोळ्या सांगितल्या तर करतात पण जाड होतात. ज्यांना तिखटाशिवाय चालत नाही त्यांनी शेंगदाण्याची चटणी घेऊन जा. सकाळचा नाश्ता मात्र उशिरा मिळतो, पुरी भाजीला पाऊण तास लागला एकदा, आणि बोट पकडायची असेल तर आदल्या रात्री बजावून ठेवा. किचन रात्री नऊला बंद म्हणजे बंद.

नऊला बंद होतं त्याला कारण आहे. हे बेट आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की घड्याळ तेच असूनही डिसेंबरात पाचच्या आसपास सूर्य मावळतो, नाशिकला तेव्हा अजून चांगलं ऊन असतं. हे लक्षात न घेता जे पॅकेजवाले येतात ते राधानगर बीचवर गाडीतून उतरतात तेव्हा अंधार पडायला लागलेला असतो. आणि तो बीच असा धावत बघायचा नाहीच, टाइम मासिकाने २००४ मध्ये आशियातला सगळ्यात सुंदर म्हटलेला, २०२० मध्ये स्वच्छ बीचना देतात तो ब्लू फ्लॅग मिळालेला, पांढरी बारीक वाळू आणि मागे एवढी उंच झाडं की सावली थेट पाण्याजवळ येते. आम्ही दादांची स्कूटी घेतली, दुपारी अडीचलाच जाऊन बसलो, तिथून हलूच नये वाटलं. गर्दी आधीपेक्षा खूप आहे, पण प्रवेशापासून उजवीकडे थोडं चालत गेलं की माणसं कमी होतात.

गेस्टहाऊससमोरच्या बीचबद्दल खरं ते सांगायला पाहिजे, तिथे कधीही उठून पोहता येत नाही. ओहोटीला पाणी पार आत जातं आणि नुसते खडक आणि प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात, पायात रबरी चपला पाहिजेत. दादा रोज सकाळी शेडमधल्या फळ्यावर भरती ओहोटीच्या वेळा खडूने लिहून ठेवतात, ते बघून दिवस ठरवा. आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पायाला खोबरेल तेल चोळून जा.

अमावस्या बघून तारखा ठरवल्या होत्या आम्ही, कारण तेव्हा समुद्रातलं ते निळं चमकणं चांगलं दिसतं. २०१६ ला वादळात ते राहूनच गेलं होतं. कायाकवाले यासाठी बरेच पैसे घेतात, पण दादांनी सांगितलं की आधी आपल्या समोर बघा. रात्री आठनंतर टॉर्च बंद करून गुडघाभर पाण्यात उभे राहिलो, काहीच नाही, मग नवऱ्याने पाण्यात हात फिरवला आणि बोटांच्या मागे निळे ठिपके पेटत गेले, हात थांबला की गायब. बारीक जीव असतात पाण्यात, हलवलं की प्रकाश सोडतात. आम्ही दोघं लहान मुलांसारखे पाणी ढवळत बसलो, खूप वेळ. फक्त शेजारी एक मोठं रिसॉर्ट झालंय, त्यांचे लाइट आणि गाणी रात्री दहापर्यंत चालू असतात, त्यामुळे डाव्या हाताला थोडं लांब जाऊन उभं राहावं लागतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, गेस्टहाऊसवाल्यांचा त्यात काही दोष नाही पण झोपडीपर्यंत आवाज येतो.

आता मुख्य मुद्दा जो मला कळकळीने सांगायचाय. नाशिकमध्ये एका टूरवाल्याकडे चौकशी केली तर त्याने आम्हाला हॅवलॉकची एकच रात्र दिली होती, दुपारी पोचा, राधानगर बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी एलिफंट बीच आणि लगेच नीलची बोट. असं करू नका हो. नील छान आहे, लक्ष्मणपूर, सीतापूर, भरतपूर अशी बीचची नावं बघून पंचवटीच्या माणसाला तर घरच्यासारखंच वाटतं, पण तिथे जायला हॅवलॉक अर्धवट सोडू नका. या बेटावर माणसांशी बोलायला वेळ लागतो. इथले बरेचसे लोक फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांतले, दादांचे वडील पण तसेच आले, जंगल तोडून शेत केलं, हे ते संध्याकाळी चहा पिताना सांगतात, पण तिसऱ्या चौथ्या दिवशी, पहिल्या नाही. आमच्या वेळी बोटी बंद पडल्या म्हणून आम्हाला तो वेळ मिळाला आणि त्यातून आमचा संसार उभा राहिला, तुम्ही तो आपणहून काढा.

बाकी जायचं कसं तर नाशिकहून मुंबई, तिथून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे पोर्ट ब्लेअरला विमान, पुढे प्रायव्हेट बोटीने दीड तासाच्या आसपास, सरकारी बोट स्वस्त पण जास्त वेळ घेते. बोट लागत असेल तर गोळी आधी घ्या. तिकिटावर स्वराज द्वीप लिहिलेलं असतं, २०१८ मध्ये नाव बदललंय, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम, तर बुकिंग करताना गोंधळू नका. परतीच्या विमानाच्या आधी एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळा ठेवाच, हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि मग विमान जातं. हवा चांगली राहिली तर तो दिवस सेल्युलर जेलला द्या. भगूर आपल्या इतकं जवळ, बाबाराव आणि विनायकराव सावरकर दोघं भाऊ तिथे कोंडलेले, जेलच्या इमारतीच्या सात पाकळ्यांपैकी आता तीनच उरल्यात, पण वरच्या मजल्यावरच्या विनायकरावांच्या कोठडीच्या दारात उभं राहिल्यावर नाशिकच्या माणसाला काय वाटतं ते तिथे गेल्यावरच कळेल.

बुकिंगला दादांना फोनच करा, मेसेजला उत्तर दोन दिवसांनी येतं. डिसेंबर जानेवारीसाठी दिवाळीच्या आधी सांगून ठेवा, झोपडी पाहिजे असेल तर सुपारीच्या बाजूची शेवटची मागा, तिथे रिसॉर्टचा आवाज सगळ्यात कमी येतो, आणि बौदींना कोथिंबिरीचं बी हवंय, नाशिकहून कुणी जाणार असेल तर एक पुडी नक्की घेऊन जा.