काकेइबोची वही आणि अर्धी पगारवाढ: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतं

मंडळी, पगार वाढत जातो पण महिनाअखेरीला हातात उरतं ते तेवढंच, हे ज्यांना ओळखीचं वाटतंय त्यांच्यासाठी लिहितेय. जरा लांबणार आहे. दोन पद्धती मी बरेच महिने सलग वापरल्यात, एक म्हणजे जपानी काकेइबो, म्हणजे हाताने लिहायची घरखर्चाची वही, आणि दुसरी म्हणजे पगारवाढीतला अर्धा भाग खर्चाच्या खात्यात येऊच न देणं. माझं मत आधीच सांगते, वहीमुळे कळतं, पण पैसे उरतात ते दुसऱ्या पद्धतीमुळे. नुसत्या वहीच्या भरवशावर राहू नका.

आधी वही. ही पद्धत हानी मोतोको या जपानी पत्रकार बाईंनी १९०४ साली आणली. महिन्याच्या सुरुवातीला लिहायचं की हातात किती येणार आणि त्यातलं किती बाजूला ठेवायचंय, मग महिनाभर खर्च लिहीत जायचं, आणि शेवटी किती गेले आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते लिहायचं. खर्चाचे कप्पे चार, गरज, हौस, वाचन-कला-शिक्षण वगैरे, आणि अनपेक्षित. मी हे सगळं तसंच ठेवलं फक्त एक रकाना स्वतःचा वाढवला, "पुढच्या महिन्यात परत येणार का?" आणि त्यात हो किंवा नाही. माझ्या मते सगळी गंमत त्या एका रकान्यात आहे.

कारण असं की पान भरल्यावर नजर आपोआप मोठ्या आकड्यांकडे जाते, महागडे बूट, प्रवास, कोणाला दिलेली भेट, आणि वाटतं की हेच कमी करायला हवं. पण त्या सगळ्यांपुढे "नाही" लिहिलेलं असतं. "हो"च्या ओळी बघा. फोटो साठवायला घेतलेला वरचा प्लॅन, दोन व्हिडिओ अ‍ॅप, त्यातलं एक फक्त एका मालिकेसाठी घेतलेलं आणि ती मालिका कधीच बघून झालेली, व्यायामाच्या अ‍ॅपची मेंबरशिप, फोनचा हप्ता, त्याच फोनचा विमा, डिलिव्हरी फुकट मिळते म्हणून भरलेली मेंबरशिप. एकेक ओळ वाचली तर कशातच चूक दिसत नाही, प्रत्येक वेळी "आता परवडतंय की" एवढंच कारण होतं आणि ते खरंही होतं. पण बुटांचा खर्च एका पानावर येतो आणि संपतो, "हो"ची ओळ पुढच्या प्रत्येक पानावर हजर असते, आणि पुढच्या पगारवाढीला तिच्या शेजारी आणखी दोन येऊन बसतात.

जेम्स ड्यूझनबेरी नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हे १९४९ मध्येच मांडलं होतं, कमाई वाढली की खर्च वर जातो पण कमाई घटली तरी तो तेवढ्याच सहज खाली येत नाही, आणि आपण खर्च ठरवतो तोही आजूबाजूच्यांकडे बघून. हप्ते आणि सबस्क्रिप्शनच्या बाबतीत तर हे तंतोतंत पटतं, कारण बंद करायला मुद्दाम उठून काहीतरी करावं लागतं आणि चालू राहायला काहीच करावं लागत नाही.

माझ्या नवऱ्याचं सुरुवातीला म्हणणं होतं, "अगं, एवढं लिहीत कशाला बसायचं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसतंच की सगळं." दिसतं, बरोबर आहे. पण अ‍ॅप स्वतःच वर्गवारी करून रंगीत गोल काढून देतं, आपण तो बघतो आणि पुढे सरकतो. हाताने लिहिताना हा खर्च गरजेत टाकू का हौसेत, हे ठरवल्याशिवाय पेन पुढे जात नाही, आणि काही वेळा तर ठरवतानाच वाद होतात, आमच्याकडे फोनच्या विम्यावरून झाला, तो म्हणे गरज, मी म्हणे हौस. पण काही महिन्यांनी तोच दुकानात वस्तू हातात घेऊन विचारायला लागला, "हे हो आहे का नाही?" म्हणजे प्रश्न लिहायच्या वेळेवरून विकत घ्यायच्या वेळेवर आला आणि मला विचाराल तर वहीचा सगळ्यात मोठा फायदा हा.

पैसे देताना काही जाणवतच नाही हाही भाग आहेच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे, बास्केटबॉलच्या मॅचची तिकिटं बोलीवर ठेवली, काहींना सांगितलं रोख द्यायचेत, काहींना सांगितलं क्रेडिट कार्डने, तर कार्डवाल्यांच्या बोल्या जवळपास दुप्पट निघाल्या. तिकीट तेच! फोनवरून पैसे देताना मला तरी तसंच होतं, बोट टेकवलं की संपलं. रात्री वहीत लिहिताना तो खर्च परत एकदा समोर येतो, उशिरा का होईना.

आता दुसरी पद्धत, आणि हिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं की पुढे पगारवाढ झाली की त्यातला काही भाग आपोआप बचतीत टाकायचा का. ज्यांनी हो म्हटलं त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. यात कोणाला खर्च कमी करायला सांगितलेलं नाही हे मला फार आवडलं. हातात येणारी रक्कम घटत नाही, फक्त जेवढी वाढली असती तेवढी वाढत नाही, त्यामुळे काही सोडल्यासारखं वाटत नाही.

मी ते असं केलंय की पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाते, आणि पगारवाढीचं पत्र आलं की त्याच दिवशी तो आकडा बदलायचा, वाढीव पगार खात्यात पडायच्या आधी. हे आधी करणं महत्त्वाचं, एकदा वाढीव रक्कम दोन-तीन महिने वापरली की ती अंगवळणी पडते आणि मग काढताना जीव जातो.

आकड्यात सांगते. समजा पगार १०० आहे, १० वाचतात, ९० खर्च होतात. पगार ११० झाला तर बचत १५ आणि खर्चाला ९५. परत दहा टक्के वाढून १२१ झाला तर बचत २०.५ आणि खर्चाला १००.५. दोन वाढींत बचत दहा टक्क्यांवरून सतराच्या जवळ गेली आणि खर्चाला मिळणारी रक्कमसुद्धा वाढलीच. सगळी वाढ बाजूला टाकणारे लोक मी पाहिलेत, ते फार टिकत नाही, हौस पूर्ण मारली की ती कधीतरी एकदम उसळून येते. अर्धी वाढ मोकळ्या मनाने वापरा, त्यासाठीच कमावतो ना आपण.

पण यात एक अडचण आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही. महागाई ६ टक्के असेल तर ९० चा खर्च आहे तसाच चालू ठेवायलाच ९५.४ लागतात आणि अर्ध्याच्या हिशोबाने मिळतात ९५. म्हणजे दहा टक्के वाढ मिळूनही जेमतेम बरोबरी. आणि वाढच महागाईएवढी असेल तर तिला वाढ म्हणण्यात अर्थ नाही, त्या वर्षी पाव भाग बाजूला टाका किंवा आहे तो आकडा तसाच ठेवा, उगाच स्वतःला दोष देऊ नका. आणि कार्डाची थकबाकी असेल तर बचत वगैरे नंतर, तो अर्धा भाग आधी तिकडे, कारण तिथलं व्याज कुठल्याही बचत खात्याच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त असतं.

वहीत काय नाही आवडलं तेही सांगते. "अनपेक्षित" हा कप्पा फसवा आहे, त्यात वार्षिक विम्याचा प्रीमियम, गाडीचं सर्व्हिसिंग, सगळं येऊन पडतं, आणि ह्या गोष्टी दर वर्षी ठरलेल्या वेळी येतात म्हणजे अनपेक्षित कशा? मी वर्षाची बेरीज करून बाराने भागते आणि दर महिन्याला गरजेत लिहिते. दोघांचा खर्च एका वहीत लिहिणं कटकटीचं आहे, एकाने आठवडाभर लिहिलं नाही की सगळा हिशोब अंदाजपंचे होतो. आणि मित्रमंडळींचं काय करायचं याचं उत्तर वहीत नाहीच, सगळ्यांचे पगार वाढले की भेटायच्या जागा बदलतात, फिरायला जायचे बेत बदलतात, आणि "या वेळी नको" हे तोंडाने म्हणावंच लागतं. मला अजून जड जातं ते.

हौसेच्या वस्तूंसाठी मी वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवते, तारखेसकट, आणि पुढचा महिना लागेपर्यंत घेत नाही. बऱ्याचशा ओळी मीच खोडते, वस्तू न घेताच नव्याचे नऊ दिवस संपलेले असतात. ज्या उरतात त्या मी आनंदाने घेते.

ज्यांची मिळकत गरजांनाच पुरत नाही त्यांच्यासाठी यातलं काहीही नाही, तिथे प्रश्न सवयीचा नसून कमाईचा आहे आणि त्यांना काटकसर शिकवायला जाणं मला अजिबात पटत नाही. कमाई दर महिन्याला वेगळी असणाऱ्यांनी गेल्या वर्षातला सगळ्यात कमी कमाईचा महिना पगार धरावा आणि वर जे येईल ते वाढ समजून अर्धं-अर्धं करावं, माझ्या एका मैत्रिणीचं असं व्यवस्थित चाललंय.

सुरू करायचं असेल तर लगेच वही आणायलाही जाऊ नका. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट काढा, जे तिन्ही महिन्यांत आलंय तेवढंच एका कागदावर उतरवा, आणि वर्षातून एकदा कापले जाणारे मेंबरशिपचे पैसे तीन महिन्यांत दिसणार नाहीत म्हणून ते वेगळे शोधा. प्रत्येकापुढे पुढची कापायची तारीख लिहा आणि फोनमध्ये दोन दिवस आधीचा रिमाइंडर लावा. माझी दोन सबस्क्रिप्शन त्या रिमाइंडरमुळेच बंद झाली.