स्वेटरसाठी मशीन की सुया?

नणंदेचं विणायचं मशीन घेऊ की नको चाललंय. वेगात मशीनला तोड नाही: कॅरेज, म्हणजे मशीनवरचा सरकता भाग, एकदा सरकवली की २०० टाक्यांची अख्खी ओळ तयार. सुयांवर तेवढ्यात चार-पाच टाके. पण ४.५ मिमी गेजच्या (म्हणजे मशीनच्या दोन सुयांत तेवढं अंतर असलेल्या) मशीनवर जाड लोकर अडकते. विणीला वजनं लावायला विसरलात तर टाके सुटतात. माझी अर्धी पाठ अशीच टेबलाखाली सापडली होती. काठाची उलट-सुलट वीण रिबर (ही वीण घालणारा मशीनचा जोडभाग) नसेल तर टाका-टाका हातानेच फिरवायची. भाग जोडणं तर दोन्हीकडे हातानेच.

सुया पर्समध्ये मावतात. मशीनला मीटरभराचं टेबल अडकून राहतं. खर्चाचं काय बोलायचं!

नातवंडांसाठी वर्षाला एक-दोन स्वेटर करायचे तर सुयाच. ऑर्डरी घ्यायच्या असतील तर मशीन, तेही रिबरसकट.