माती फसफसली म्हणजे लोह कमी, असं सांगणारा बागेत आला तर

मोहोळ, पंढरपूर, सांगोला या पट्ट्यात ज्यांची डाळिंबाची बाग नवी आहे आणि पानं पिवळी पडायला लागलीत, त्यांनी हे वाचावं. एक माणूस पांढऱ्या गाडीतून फिरतोय. गळ्यात ओळखपत्र, गाडीच्या डिकीत कॅन, तोंडात गोडवा. स्वतःला ‘प्लॉट डॉक्टर’ म्हणवतो. व्हिजिट फुकट असते. माझ्याकडून त्याने 21,600 रुपये नेले. शेजारच्या तात्यांकडून त्याहून जास्त, पण ते आकडा सांगत नाहीत.

मी नोकरीला सोलापुरात, राहायला जुळे सोलापुरात. शेत मोहोळ तालुक्यात. ऊस काढून दोन एकर भगवा (डाळिंबाची जात) लावला. रोजचं गडी बघतो, मी शनिवार-रविवार जातो. दुसऱ्या वर्षी पाऊस सरता सरता ओढ्याकडच्या कोपऱ्यातली झाडं पिवळी पडायला लागली. डाळिंबात नवा माणूस पिवळ्या पानाला फार भितो. मर (झाड वाळवणारा) आणि तेल्या (पाना-फळांवर तेलकट डाग पाडणारा) हे रोग आल्यावर लोकांनी जेसीबी लावून काढलेल्या बागा रस्त्याने दिसतात. या डॉक्टरचा सगळा धंदा त्या भीतीवर चालतो.

तो कसा काम करतो ते नीट सांगतो, कारण कंपनीचं नाव आणि कॅनचा रंग उद्या बदलेल, पद्धत बदलणार नाही.

झाडाखालची मूठभर माती त्याने स्टीलच्या ताटलीत घेतली. खिशातून काळी बाटली काढली आणि चार थेंब सोडले. माती फसफसली, बारीक बुडबुडे वर आले. गडी तर वाकून बघायला लागला. “बघा मालक, जमीन लॉक झालीया तुमची. कितीबी खत घाला, झाडाला लागत न्हाई. लोह बांधलं गेलंय सगळं.” मग शेंड्याचं एक पान तोडलं, मोबाईलने फोटो काढला, आणि ॲपवर लाल अक्षरात ‘लोहाची कमतरता’ असं उमटलेलं दाखवलं.

बाटलीत पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. मातीत चुनखडी असली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि माती फसफसते. प्रयोग शंभर टक्के खरा आहे. फक्त आपल्या जिल्ह्यात चुनखडीच्या जमिनी जागोजागी आहेत. नंतर मी संडास धुवायचं ॲसिड पाणी घालून पातळ केलं आणि आमच्या सोसायटीच्या बागेतल्या मातीवर टाकून बघितलं. तीही फसफसली, आणि तिथली जास्वंद मस्त हिरवीगार आहे. जी खूण चांगल्या आणि वाईट दोन्ही झाडांखाली सापडते, तिच्यावरून आजार ठरवता येत नाही. पण समोर बुडबुडे दिसत असताना हे कोणाच्या डोक्यात येतं?

बरं, त्याचं बोलणं सगळंच खोटं असतं तर कोणी फसलंच नसतं. चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वर गेलेल्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, हे खरंच आहे. पण तशी कमतरता असली तर ती शेंड्याला दिसते. लोह झाडात एकदा बसलं की जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. त्यामुळे कोवळी पानं आधी पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहून पानावर जाळी दिसते. नत्राचं उलटं आहे. ते कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी आणि सरसकट पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी असेल तर तीही खालचीच पानं, पण शिरांच्या मधला भाग पिवळा. माझ्या झाडांची खालची पानं सरसकट पिवळी होती, शेंडे तांबूस-हिरवे, चांगले होते. डॉक्टर खाली वाकलाच नाही. शेंड्याचंच पान तोडलं, कारण ॲपला तेच दाखवायचं होतं.

त्याचा दुसरा डाव याहून हुशारीचा. दोन झाडांना लाल फीत बांधून त्याने स्वतःच्या पंपातून फवारा मारला आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघा, पटलं तरच घ्या. त्या झाडांना खरंच काळोखी, म्हणजे गडद हिरवेपणा, आली. ती झाडं ओढ्यापासून लांबची, मुळात बरी होती, हे एक. आणि फवाऱ्यात थोडा युरिया नि हिराकस (लोहाचा क्षार) असला तरी पान आठवड्यात तजेलदार दिसतं. पंपात काय होतं ते त्यालाच माहीत. विकलेल्या कॅनमध्ये ते नव्हतं, एवढं मला पुढे कळलं.

पाच लिटरचा कॅन 3,600 रुपयांना, असे सहा. ठिबकमधून सोडायचं, सांगेल त्या अंतराने. मी पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “सर, ही कंपनीची डायरेक्ट स्कीम आहे, बिल घेतलं तर दुकानदाराचं मार्जिन चढतं.” हातात ‘एस्टिमेट’ लिहिलेला चिटोरा दिला. पैसे फोनवरून घेतले, खातं कंपनीचं नाही, एका बाईच्या नावाचं. बॅच नंबर आणि तारखेवर वेगळं स्टिकर चिकटवलेलं होतं. नखाने खरवडलं की खाली दुसरी तारीख.

लेबलवर छापलं होतं: चिलेटेड आयर्न, ईडीटीए, 12 टक्के. चिलेट म्हणजे लोहाला धरून पाण्यात विरघळलेलं ठेवणारा पदार्थ, ईडीटीए हा त्यातला एक. आतला द्रव मात्र गडद लाल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो. ईडीटीएचं लोह पाण्यात पिवळट दिसतं. लालसर रंग येतो तो ईडीडीएचए नावाच्या दुसऱ्या, बऱ्याच महाग चिलेटला. चुनखडीच्या जमिनीत चालतं ते हेच दुसरं. ईडीटीए सामू साडेसहाच्या पुढे गेला की लोह सोडून चुना धरायला लागतं, म्हणून आपल्याकडे ते फवारणीला ठीक, ठिबकमधून मातीत सोडलं तर बहुतेक वाया. म्हणजे लेबल खरं असतं तरी माल माझ्या जमिनीत कामाचा नव्हता. आणि रंग खरा असता तर लेबल खोटं ठरलं असतं. खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला तेव्हा दोन्ही खोटं निघालं. लोह अर्धा टक्कासुद्धा नाही. राहिला लाल रंग, तर चादरी-टॉवेलच्या डायिंगच्या गावात त्याचं काय अप्रूप!

तात्यांचं प्रकरण ऐका. त्यांची बाग आंबे बहाराची, म्हणजे ताण देऊन हिवाळ्याच्या शेवटी पाणी सोडून फुलवायची. पाणी तोडून ताण दिला होता, त्यामुळे पानं पिवळी पडून गळत होती. डाळिंबात ही पानगळ आपणच घडवून आणतो. ताणाने पुरेशी झाली नाही तर इथ्रेल हे पानं गाळणारं औषध फवारून करतो. जुन्या बागायतदाराला हे पाठ असतं, पण तात्यांचा मुलगा पुण्याहून नुकताच आलेला. त्याला डॉक्टरने ती पिवळी बाग दाखवून कॅन विकले आणि सांगितलं, पहिल्या पाण्यासोबत सोडा. जानेवारीत पाणी सुटलं, आठ-पंधरा दिवसांत फुटवा निघाला, बाग हिरवी झाली. तात्यांच्या मुलाने आनंदाने व्हिडिओ काढून त्याला पाठवला. तो व्हिडिओ आता डॉक्टर ‘रिझल्ट’ म्हणून गावोगाव दाखवतो. पाण्याने आलेली पालवी, नाव कॅनचं!

माझी झाडं मात्र पिवळीच राहिली आणि दुपारी ओल असूनही माना टाकायला लागली. शेवटी मुळासकट एक रोप आणि पिवळ्या फांद्या घेऊन केगावला गेलो. सोलापूर-पुणे हायवेला विद्यापीठाच्या भागातच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 पासून. तिथल्या शास्त्रज्ञांनी पानाकडे नंतर बघितलं. आधी विचारलं, खालची पानं आधी गेली की शेंडा? सगळी बाग की एकच कोपरा? पाणी किती देता? मग मुळं बादलीत धुतली. पांढऱ्या मुळ्यांवर बारीक गाठी, मण्यांची माळ ओवावी तशा. बोटाने चोळून निघत नव्हत्या. सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे, डोळ्याला न दिसणारे बारीक कृमी. गाठी धरलेली मुळं पाणी-अन्न नीट ओढत नाहीत, म्हणून झाड उपाशी आणि तहानलेलं दिसतं. त्यात ओढ्याकडची जमीन भारी काळी, ठिबक सगळीकडे सारखंच चालू, म्हणजे तिथे मुळांना हवाही कमी. कॅनमधून मी त्यात आणखी पाणीच ओतत होतो.

उपाय स्वस्तातले निघाले: त्या कोपऱ्याचं पाणी कमी करणं, निंबोळी पेंड, ओळींमध्ये आफ्रिकन झेंडू, त्यांनी सांगितलेली जैविक बुरशी. वेळ लागतोय, पण नवी मुळी पांढरी येते आहे. एक गोष्ट त्यांनी बजावली ती सगळ्यांच्या कामाची. पूर्ण झाड नाही, एकच फांदी पिवळी पडून वाळत असेल, तर थांबू नका. खोडाचा आडवा छेद घेऊन बघा, आत काळपट-तपकिरी डाग असेल तर मर रोगाची शंका धरून नमुना लगेच न्या. अशा झाडावर महिनाभर लोह सोडत बसलं तर शेजारची झाडंही जातील.

तक्रारीचं म्हणाल तर एक सीलबंद कॅन उरला होता म्हणून काहीतरी हाती आहे. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांनी फुटलेल्या कॅनकडे बघितलंसुद्धा नाही, कारण आत नंतर कोणी काय घातलं हे सांगता येत नाही. सीलबंद कॅनचा मात्र पंचनामा झाला. खत नियंत्रण आदेश, 1985 प्रमाणे विक्रेत्याला परवानगी लागते आणि पावती द्यावीच लागते. जैव-उत्तेजकंही (झाडाची वाढ सुधारायला विकतात ती टॉनिकं) 2021 पासून त्याच आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे “हे खत नाही, टॉनिक आहे” हा बहाणा आता चालत नाही. ग्राहक आयोगात जायची वाट आहे, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून मी विचारलं. चिटोऱ्यापेक्षा फोनवरून केलेल्या पेमेंटची नोंदच तिथे कामाला येईल असं दिसतंय. पैसे अजून आलेले नाहीत आणि डॉक्टरचा नंबर बंद आहे.

तेव्हा कोणाकडे असा लाल द्रवाचा, स्टिकरवर स्टिकर लावलेला कॅन असेल तर उरलेला फोडू नका. सावलीत ठेवा, लेबलचे आणि खालच्या तारखेचे फोटो काढा, पेमेंटचा स्क्रीनशॉट जपा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एकट्याच्या अर्जापेक्षा चार गावांचे अर्ज एकत्र गेले तर गाडीचा नंबर शोधायला पोलीसही हलतील. माझ्या गड्याने तो नंबर गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता, तो मी अर्जात दिला आहे.